भाजी आणि शाक

तापी सागरास मिळते तेथे हजीरा आहे. १९८५ च्या सुमारास येथे खताचा मोठा कारखाना उभा राहिला. अशा कारखान्यांच्या वसाहतींत मराठी बिऱ्हाडेही आली. बाजारात नुसती ‘भाजी’ मागितली तर पालेभाजी पुढे येते. वांगी-बटाट्याचे होते ते ‘शाक’. आपला उकाडा येथे ‘बफारो’, थंडीतला हुरडा ‘पोंक’. हे शब्द आम्ही आनंदाने बोलतो. घरी मात्र ‘आभाळ भरून आले, दोरीवरचे कपडे आत घ्या’, ‘आमटीला मीठ कमी पडले’ हे मराठीतच असावे, असा आमचा आग्रह आहे. ज्या मुलांस शाळेत मराठी लाभत नाही, त्यांची मराठी शाळा स्वयंपाकघरातच भरते. ती एक दिवसही बंद ठेवू नये.