गाभाऱ्यातील दुभाष्या

बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे असूनही या गावास आजतागायत रेल्वे नाही. मुंबई-नागपूर लोहमार्ग घाटाखालून मलकापूर, नांदुरा, शेगाव असा निघून जातो, आणि बुलढाणा-चिखलीच्या माणसास गाडी गाठावयाची तर आधी घाट उतरावा लागतो. इंटरनेटच्या बाबतीतही घाटावरच्या आणि घाटाखालच्या खेड्यांची अवस्था पुष्कळ काळ अशीच होती. तांब्याची तार दूरध्वनी केंद्रापासून चार-पाच किलोमीटरांपलीकडे ब्रॉडबँडचा भार वाहू शकत नाही, आणि आमच्याकडील शेतवस्त्या व लहान गावे बहुधा या हद्दीबाहेरची. त्यामुळे २००९ साली भारत संचार निगमने आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत खासगी कंपन्यांनी ३जी सेवा सुरू केली, तेव्हा अनेक घरांत इंटरनेटचा प्रवेश तारेने न होता अंगठ्याएवढ्या एका डेटा कार्डाने झाला. हे कार्ड मॅक संगणकाशी बोलते करणे, आणि मॅकची कार्यप्रणाली बदलली की ते बोलणे पुन्हा जुळवून देणे, हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे.

जिल्ह्यात मॅक संगणक थोडे: काही छापखाने, काही छायाचित्रकार, आणि पुण्याहून शिकून परतलेली मुले. कार्ड विकणाऱ्यांचे लक्ष साहजिकच विंडोजवाल्या बहुसंख्येकडे असे, आणि मॅकचा ड्रायव्हर खोक्यात असलाच तर एका विशिष्ट आवृत्तीपुरता तयार करून सोडून दिलेला असे.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो अंतर्भाग, ज्याला कर्नल म्हणतात, तो देवळाच्या गाभाऱ्यासारखा मानला, तर आपण वापरतो ते सारे कार्यक्रम सभामंडपात उभे असतात. गाभाऱ्यात त्यांना प्रवेश नाही. बाहेरून आलेल्या यंत्राची भाषा गाभाऱ्यास समजावून सांगणारा ड्रायव्हर मात्र मॅकवर कित्येक वर्षे थेट गाभाऱ्यातच बसत आला. तेथे त्याला कोणतीही आडकाठी नसल्यामुळे त्याच्या हातून घडलेली लहानशी चूकही सबंध यंत्रास खाली पाडी.

डेटा कार्डाची रीत तर आणखी गहन. ते संगणकास लावताच मोडेम म्हणून रुजू होतच नाही. आपण एक सीडी आहोत असे ते आरंभी जाहीर करते, कारण त्याचा ड्रायव्हर त्याच्याच पोटात साठवलेला असतो आणि तो बाहेर काढावयास सीडीचे रूप सोयीचे पडते. ड्रायव्हर एकदा बसला, की तो त्या सीडीला बाहेर पडण्याचा हुकूम देतो, कार्ड क्षणभर अंतर्धान पावते आणि नव्या क्रमांकाने मोडेम होऊन परत येते. यूएसबीच्या राज्यात प्रत्येक उत्पादकास एक क्रमांक बहाल केलेला असतो, ह्युआवेईचा ४८१७, झेडटीईचा ६६१०, आणि त्याखाली प्रत्येक वस्तूचा वेगळा. ह्युआवेईच्या एका सर्वत्र खपलेल्या कार्डाचा वस्तुक्रमांक सीडीच्या रूपात ५१९० आणि मोडेमच्या रूपात ४०९७ असे. ड्रायव्हरसोबत असलेल्या तपशिलाच्या फायलीत हे क्रमांक नोंदलेले असतात. नोंद जुळली तरच दुभाष्या जागा होतो. पुढचे संभाषण १९८१ साली हेज कंपनीच्या मोडेमपासून चालत आलेल्या, ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञांत चालते, आणि *९९# हा क्रमांक फिरवला की जोडणी होते.

२०१२च्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. खामगावच्या एका छापखान्यातून संध्याकाळी फोन आला. मालकांनी नुकतीच मॅकवर माउंटन लायन ही नवी आवृत्ती चढवली होती, एका अंकाची पाने रातोरात पुण्यास धाडावयाची होती, आणि कार्ड लावूनही जोडणी होत नव्हती. “भाऊ, लाइट तं जळून राह्यला, मंग नेट काऊन नाही लागत?” हा त्यांचा प्रश्न मला अत्यंत मार्मिक वाटला, कारण रोगाचे अर्धे निदान त्यातच होते. कार्डावरचा दिवा निळा लुकलुकत होता, म्हणजे कार्डाने मोबाइलच्या मनोऱ्याशी संधान बांधले होते. त्यासाठी त्याला संगणकाकडून विजेखेरीज काहीच नको असते. दोष होता तो कार्ड आणि संगणक यांच्या मधल्या वीतभर अंतरात. माउंटन लायनचा गाभा केवळ ६४ बिटांचा होता, आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर ३२ बिटांत बांधलेला, म्हणून गाभा त्याला आत घेत नव्हता. विक्रेत्याच्या मदत-केंद्राचे उत्तर ‘मॅकसाठी नवी आवृत्ती नाही’ एवढेच होते.

माझ्याजवळ त्याच उत्पादकाचे वर्षभराने विकत घेतलेले दुसरे कार्ड होते. त्याच्या पोटातली सीडी उघडून पाहिली तो ड्रायव्हर ६४ बिटांचा निघाला. फक्त त्याच्या तपशिलाच्या फायलीत छापखान्याच्या कार्डाचा क्रमांक नव्हता. ती एक ओळ मी वाढवली, फायलींची मालकी मूळ प्रशासक-खात्याच्या नावे लावून दिली (ती तशी नसली तर गाभा ड्रायव्हरला उभेच करीत नाही), ड्रायव्हरांचा जुना साठा पुसला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. रात्री साडेअकराच्या सुमारास दिवा स्थिर मोरपिशी झाला. पहिले पान पूर्ण चढेपर्यंत मालक त्या दिव्याकडे पाहत खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

ड्रायव्हर बसला म्हणजे काम झाले असे कोणी समजू नये; खरी कसोटी जोडणी तुटते तेव्हा लागते. मॅकबुकचे झाकण मिटले की यूएसबीची वीज काही वेळा खंडित होते, आणि झाकण उघडल्यावर कार्ड पुन्हा सीडी बनून समोर येते. ड्रायव्हरला हे उमगले नाही तर माणूस मोडेमची वाट पाहत बसतो. चालू जोडणीत कोणी कार्ड उपटले, तर कच्चा ड्रायव्हर आपली स्मृतीतील जागा मोकळी करून बसतो आणि गाभा त्याच जागेकडे पुढचा बाइट मागतो. मग पडद्यावर अनेक भाषांत ‘संगणक पुन्हा सुरू करा’ असा मजकूर उमटतो. मनोऱ्याचा संकेत क्षीण होत जाणे ही तिसरी अवस्था, आणि ती तपासण्यासाठी मी अनेकदा लोणारला गेलो आहे. उल्कापाताने झालेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, बेसॉल्टमधले खोल विवर. त्याच्या काठावरून कमळजा देवीच्या देवळाकडे उतरताना मी दर दहा-वीस पावलांवर मोडेमला संकेताचा अंक विचारीत असे. हा अंक ० ते ३१ यांमध्ये असतो, आणि काहीच कळेनासे झाले की मोडेम ९९ सांगतो. काठावर अठरा-एकोणीस सांगणारे कार्ड झाडीत शिरल्यावर सातावर येई आणि पुढे गप्प होई. अशा वेळी ड्रायव्हरने जोडणी तुटल्याची वर्दी वर द्यावयाची असते. मी जुळवलेल्या ड्रायव्हरच्या पहिल्या आवृत्तीने ती दिली नाही, पडद्यावरचे घड्याळ जोडणी शाबूत असल्यासारखे चालत राहिले, आणि तो दोष काढावयास मला तीन आठवडे लागले.

यानंतरचा काळ शिक्क्यांचा. मॅकच्या २०१४च्या योसेमिटी या आवृत्तीपासून गाभाऱ्यात शिरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरवर ॲपलने मान्य केलेली सही आवश्यक झाली, आणि त्या सहीचा परवाना मिळवण्यासाठी विकासकास कारणांसह स्वतंत्र दरखास्त करावी लागे. खामगावला वाढवली तशी एक ओळ वाढवली तरी शिक्का मोडू लागला. २०१५च्या एल कॅपिटनने प्रणालीच्या मूळ फायलींना कुलूप घातले. २०१७च्या हाय सिएराने वापरणाऱ्याची स्पष्ट संमती मागितली, आणि संमतीचे ते बटण सूचनेनंतर फक्त अर्धा तास दिसत असे. तेवढ्या मुदतीत ते न सापडल्यामुळे नवे कार्ड निकामी समजून परत करावयास निघालेली माणसे मी पाहिली आहेत. २०१९च्या कॅटालिनाने ३२ बिटांचे कार्यक्रम बंद केले, तेव्हा जोडणी करणारे जुने डायलर एका रात्रीत गेले. त्याच वर्षी दुभाष्याला गाभाऱ्यातून काढून सभामंडपात बसवणारी ड्रायव्हरकिट ही व्यवस्थाही आली.

या निर्बंधांना माझा विरोध नाही. ज्याच्या एका चुकीने सबंध यंत्र कोसळते आणि ज्याला यंत्रातील सर्व काही वाचता येते, अशा दुभाष्याची ओळख पटवून घेणे रास्तच आहे, आणि त्याने गाभाऱ्याबाहेर बसावे हे त्याहून रास्त. माझी तक्रार उत्पादकांविषयी आहे. वस्तू विकून झाल्यावर ज्यांनी तिच्या भाषेचा तपशील कुलूपबंद ठेवला आणि नव्या शिक्क्यासाठी साधी दरखास्तही केली नाही, त्यांनी उत्तम अवस्थेतील हजारो कार्डे मॅकपुरती मूक केली. पुढे ज्या कार्डांनी मोडेमचे सोंग टाकून नेटवर्क यंत्राचे सर्वमान्य रूप स्वीकारले, ती ड्रायव्हरावाचून चालू लागली; यावरून हे काम आरंभापासून शक्य होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज जिल्ह्यात बहुतेकांचे काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागते आणि ३जी सेवा बहुतेक ठिकाणी मालवली आहे. परंतु काही छापखान्यांत स्नो लेपर्डवर चालणारी यंत्रे अद्याप राखलेली आहेत, कारण पॉवरपीसी काळातील कार्यक्रम चालवणारी ती मॅकची शेवटची आवृत्ती, आणि जुन्या मराठी टंकांत जुळवलेली पुस्तके त्याच कार्यक्रमांत बंदिस्त आहेत. अशा यंत्रांस लागणारे ड्रायव्हर त्यांच्या निर्मात्यांकडे आता मागूनही मिळत नाहीत. ते उरले आहेत फक्त कार्डांच्या पोटात. म्हणून वाचकांस विनंती आहे की दिवाळीच्या साफसफाईत एखाद्या खणाच्या तळाशी असे कार्ड सापडल्यास ते एकदा संगणकास लावावे, सीडी म्हणून जे दिसेल त्याची संपूर्ण प्रत काढावी, कार्डावर छापलेला मॉडेल क्रमांक त्या प्रतीस नाव म्हणून द्यावा, आणि त्यानंतरच ते कार्ड ई-कचऱ्यात सोपवावे.