दुधाची परीक्षा

कोल्हापुराकडील दूध टँकरांतून वाशीस येतें, पिशव्यांत भरलें जातें आणि पहांटे आमच्या दारीं पोंचतें. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें अधिकारी त्याचा नमुना घेतात व चार भाग करून मोहोरबंद करतात. गाईच्या दुधांत शेंकडा ३.२ तरी स्निग्धांश असावा लागतो. पाणी घातलेलें दुग्धमापकास कळतें. परंतु लबाडानें साखर मिसळून घनता पूर्ववत् केली, तर तें बिचारें फसतें! मग प्रयोगशाळाच हवी. नमुना नासूं नये म्हणून अधिकारी त्यांत फॉर्मालीन घालतात. विक्रीच्या दुधांत तेंच घालणें हा अपराध होय. आमच्या मतें टँकर रिकामा होण्यापूर्वींची तपासणीच खरी उपयोगाची. विश्लेषकास अहवालासाठीं १४ दिवसांची मुदत असते. आमचीं लेंकरें तें दूध त्याच सकाळीं पिऊन शाळेंत येतात.