एमिली ब्राँटेची वही

‘वदरिंग हाइट्स’ (१८४७) ही कादंबरी आमच्या कित्येक वाचकांनीं वाचिली असेल. परंतु तिची कर्त्री एमिली ब्राँटे ही आधीं कवयित्री होती, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. आम्हांसही तें उशिरांच कळलें.

इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत हॉवर्थ नांवाचें गांव आहे. तेथील धर्मोपदेशकाची ही कन्या. धाकटी बहीण अ‍ॅन हिच्यासह तिनें बालपणीं ‘गोंडाल’ नांवाचें काल्पनिक बेट निर्माण केलें, व तेथील राण्या, कैदी आणि लढाया यांवर ती मोठेपणींही काव्यें रचीत राहिली. १८४४ च्या फेब्रुवारींत तिनें आपल्या कविता दोन वह्यांत उतरून घेण्यास आरंभ केला. १८४५ सालीं एक वही थोरली बहीण शार्लट हिच्या हातीं लागली व तिनें ती न विचारतां वाचिली. एमिलीचा राग शमण्यास कांहीं तास, व छापण्यास होकार मिळण्यास कांहीं दिवस लागले! १८४६ सालीं करर, एलिस व अ‍ॅक्टन बेल या टोपणनांवांनीं तिघी बहिणींचा संग्रह निघाला. छपाईचा खर्च त्यांनींच सोसला. वर्षभरांत प्रती खपल्या अवघ्या दोन.

आतां गुणदोषांकडे वळूं. एमिलीचीं वृत्तें बहुधा उपासनागीतांसारखीं साधीं, शब्दही घरगुती. पण माळरानावरचा वारा आणि कोंडलेल्या जिवाची तळमळ त्यांत प्रत्यक्ष ऐकूं येते. दोष असा कीं, गोंडालची गद्य कथा नष्ट झाल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं कोण कोणाशीं बोलतें हें उमगत नाहीं. त्यांतच छापतांना गोंडालचे उल्लेख गाळले गेले. ‘रिमेंब्रन्स’ ही मृत प्रियकरास उद्देशून असलेली कविता त्यामुळें कित्येकांस कवयित्रीचीच कहाणी वाटली. मूळ वहींत मात्र ती गोंडालमधील एका स्त्रीच्या तोंडीं आहे. म्हणून तींतील शोक खोटा ठरतो काय? मुळींच नाहीं. दुसऱ्याच्या मुखानें बोलण्याची हीच विद्या पुढें हीथक्लिफच्या आक्रोशांत फळास आली.

येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याच्या मेजांत आम्हांस कवितांची वही सांपडली. त्यांतील एक विरहगीत आम्हीं वर्गापुढें मोठ्यानें वाचिलें आणि “ही कोण रे?” असें विचारिलें. वर्ग खो खो हंसला. मुलगा मान खालीं घालून बसला. पुढें वार्षिक अंकासाठीं आम्हीं त्याच्याकडे कविता मागितली, तेव्हां तो एवढेंच म्हणाला, “सर, ती वही आतां नाहीं.”

शार्लटनेंही न विचारतांच वही उघडली होती. परंतु आपण काव्य वाचीत आहों हें तिनें ओळखिलें. आम्हीं तेवढेंही केलें नाहीं. कवितेंतील ‘मी’ म्हणजे कवीच, अशी समजूत करून घेऊन आम्हीं एका पंधरा वर्षांच्या मुलाचें हंसें केलें. कवितेचे शिक्षक म्हणविणाऱ्यानें ही चूक करावी, याची आम्हांस अद्याप लाज वाटते.

हल्लीं अशी वही हातीं आली, तर आम्ही ती मिटलेलीच परत करतों, आणि शिक्षकांच्या खोलीचें दार उघडें ठेवितों. गेल्या पावसाळ्यांत एक जण आपण होऊन आला होता.