मे महिन्यात टिकेल ते

रत्नागिरीत वजन कमी करायची पद्धत कोणती चांगली, तर जी मे महिन्यात मोडत नाही ती. जानेवारीत भात कुणीही सोडू शकतो. आंब्याला तेव्हा नुसता मोहोर असतो, मुंबईचे पाहुणे मुंबईतच असतात आणि संध्याकाळी मांडवीला चालायला हवाही झकास असते. कसोटी लागते ती पुढे. माजघरात आंब्याची अढी घातलेली, घर चाकरमान्यांनी भरलेलं, आणि आमरस काढलेला तोही पातेलंभर. तेवढं निभावलं तर भाद्रपदात उकडीचे मोदक, मग दिवाळीचा फराळ, मग शिमगा. एवढे सगळे दिवस अपवाद म्हणून सोडून द्यावे लागत असतील, तर ते पथ्य दुसऱ्या कुठल्यातरी गावासाठी बेतलेलं आहे.

वजन वाढतंही असंच, कुणाच्या लक्षात न येता. कोकणातल्या वाड्या उतारावर वसलेल्या. घर खाली, सडा वर, मधे जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी. देवळात जायचं, दुकानात जायचं, एसटी पकडायची, तरी पाखाडी चढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पावसाळ्यात चिऱ्यांवर शेवाळ धरायचं, तेव्हा पाऊल जपून टाकायचं, पण टाकायचंच. मग डांबरी रस्ता दारापर्यंत आला, दारात स्कूटर आली आणि पाखाडीच्या सांध्यांत गवत माजलं. यात कुणाचा आळस शोधू नये. सोय झाली की माणूस ती वापरणारच. ताटातला भाताचा ढीग मात्र पाखाडीच्या काळातलाच राहिला. ढोबळ हिशेब असा, की एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठतात. वीस वर्षांत दहा किलो वाढले, तर रोज साठल्या जेमतेम दहा कॅलरी, म्हणजे चहाचा अर्धा चमचा साखर. उद्यापासून तो अर्धा चमचा टाळला की पोट उतरेल असं मात्र नाही, कारण वाढलेलं शरीर चालवायलाही जास्त अन्न लागतं आणि ते कमी केलं की शरीर काटकसरीला लागतं. इतक्या सावकाश साठलेलं आठ दिवसांच्या काकडी-ताकाने जाईल, ही आशा मात्र त्या हिशेबात कुठेच बसत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. सावकाश उतरवलेलं वजन टिकतं आणि झटपट उतरवलेलं परत येतं, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की तपासून बघायचं कुणाला सुचत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१४ साली ते तपासलं. दोनशे लठ्ठ माणसांपैकी काहींनी १२ आठवड्यांत, काहींनी ३६ आठवड्यांत वजन उतरवलं. ठरलेला पल्ला झटपटवाल्यांपैकीच जास्त जणांनी गाठला. आणि पुढच्या सुमारे तीन वर्षांत दोन्हीकडच्यांनी गमावलेल्यापैकी साधारण ७१ टक्के वजन परत मिळवलं. तेव्हा नुसत्या मंदगतीचं कौतुक पुरे. पथ्य संपतं त्या दिवसापासून वजन परतू लागतं, मग ते बाराव्या आठवड्यात संपो की छत्तिसाव्या. म्हणून बदल असा हवा की तो संपवावासाच वाटू नये, आणि तसा बदल बहुधा लहान असतो. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ साली आले, लक्ष्य होतं फक्त सात टक्के वजन आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं. तेवढ्याने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या भारतीय अभ्यासात तर वजन फारसं हललंही नाही, तरी धोका २८.५ टक्क्यांनी उतरला. काटा ढळला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरा आक्षेप भाताचा. जुनी माणसं तीन वेळा भात-पेज खाऊन काटक होती, मग आता भातालाच का धरायचं? ती काटक होती हे खरं, पण त्यात हौस कुठे होती! लावणीला दिवसभर चिखलात वाकून, डोक्यावर भारे वाहून आणि मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरची वाट बघून जे शरीर होतं, त्याला आरोग्याचा आदर्श म्हणणं मला क्रूर वाटतं. पेज तेव्हा पथ्य नव्हती, घरात तांदूळ कमी होता. ते दिवस परत आणायचे नाहीत. भातही सोडायचा नाही. दुसऱ्यांदा वाढायला आलेली भातवाढी परतवायची, आणि ती जागा कुळथाच्या पिठल्याला, बांगड्याला, पावसाळ्यात टाकळ्या-भारंगीच्या भाजीला द्यायची. एका मध्यम हापूसमध्ये साधारण शंभर कॅलरी. तो चिरून, चोखून, कोय साफ होईपर्यंत खावा. आमरसाच्या तीन वाट्या आणि सोबत पुऱ्या हे प्रकरण वेगळं. दिवसातून दोनदाच जेवण्याचा डॉ. दीक्षितांचा मार्ग महाराष्ट्रात पुष्कळांनी धरला आहे. ज्यांना तो वर्षानुवर्षं पेलतो त्यांनी खुशाल चालवावा, फक्त मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारून.

राहिला प्रश्न मोजायचं काय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून बारीक असेलच असं नाही. तेव्हा वजनकाट्यावर रोज चढण्यापेक्षा शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि महिन्यातून एकदा, श्वास सोडून, शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध कंबर मोजा. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०.