हरलेल्या माशासाठी एक कोपरा

नगरच्या पठारावर ढग येतात ते रिते होऊनच. तिकडे अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या डोंगरांवर, ते सगळं ओतून मोकळे होतात आणि आमच्यापर्यंत पोचते ती नुसती त्यांची सावली. शेतांवरून सरकते, विहिरीच्या तळाशी क्षणभर डोकावते आणि पूर्वेला निघून जाते. अशा मुलखात पाणी प्यायला हवं, पिकाला हवं, हे तर झालंच. पण पाणी नुसतं डोळ्यांसमोर असावं, ते हलावं, त्यावर उजेड थरथरावा, ही तहान वेगळी. आणि जुनी. निजामशाहीत दूरच्या टेकड्यांच्या पायथ्यापासून खापराच्या नळांनी पाणी आणून शहरात खेळवलं, आणि 1583 च्या सुमारास तळ्याच्या मधोमध फराहबागेचा अष्टकोनी महाल पुरा झाला. चहूकडे पाणी, पाण्यात उलट्या कमानी. आज तिथे ते तळं नाही. कमानींतून कोरडा वारा फिरतो.

सावेडीतल्या आमच्या घरात, बैठकीच्या खोलीत, भिंतीशी एक काचेची टाकी आहे. सकाळचं पहिलं ऊन तिच्यातल्या पाण्यातून पार होऊन समोरच्या भिंतीवर पडतं आणि भिंत हलायला लागते. कॅलेंडरवरून, सासूबाईंच्या तसबिरीवरून, खुंटीला टांगलेल्या दप्तरावरून उजेडाचं एक सैल जाळं सरकत राहतं, आणि त्या जाळ्यातून मधूनच एखादी सावली शेपटी हलवत पलीकडे जाते. त्या वेळी डबे भरायचे असतात, दूध उतू जायच्या बेतात असतं. तरी मी थांबते.

टाकी शांत दिसते ती लांबून.

काचेला नाक लागेल इतकं जवळ बसलं की आतला खरा नकाशा दिसू लागतो. फिल्टरच्या फुग्यांखालची जागा निळ्या गोरामीची. काळ्या दगडामागचा गारवा तळाशी वावरणाऱ्या कोरीडोरासचा. वरच्या थरात गप्पी आणि मोल्यांची सतत ये-जा. कुठेही रेघ ओढलेली नाही. पण गोरामी ज्या ठिकाणी अचानक वळते, रोज त्याच ठिकाणी वळते, तिथे तिची वेस आहे. ती वेस कुणी ओलांडली की गोरामीचा रंग गडद होतो, पंख ताठ होतात, आणि दुसरा मासा मागे सरतो. एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. पाण्यातली बहुतेक भांडणं अशी, नजरेत सुरू होऊन नजरेतच मिटणारी.

लेकीच्या वाढदिवसाला तिच्या मामाने मोठ्या हौसेने दोन टायगर बार्ब आणले. बोटाच्या दोन पेरांएवढे, पिवळसर अंगावर चार काळे पट्टे, पंखांच्या कडांना लाली, आणि अंगात अशी चपळाई की पिशवीतून पाण्यात उतरताच टाकी जागी झाली. त्या दिवसापर्यंत त्या पाण्याचा राजा होता एंजल. चपटा, चंदेरी, अंगापेक्षा उंच पंख उभारून संथ चालणारा, पोटाखाली दोन लांब धागे सोडलेला. आधी त्यातला एक धागा आखूड झाला. मग शेपटीची कड दातेरी झाली. बार्ब मागून यायचे, टोचायचे, पसार व्हायचे. आणि एंजल वळेपर्यंत तिथे नुसतं हललेलं पाणी असायचं. हळूहळू तो हीटरच्या मागे, काचेच्या कोपऱ्यात उभा राहू लागला. पंख मिटलेले, रंग धुऊन निघालेला. दाणे वर टाकले की सगळे उसळायचे, तो यायचा नाही.

ज्यांना टाकी कळते ते खेळणाऱ्या माशाकडे आधी बघत नाहीत. लपलेला कोण आहे ते बघतात.

दुकानदाराने ऐकलं आणि हातातली जाळी खाली ठेवून म्हणाला, “ताई, बार्ब दोन ठेवू नका. ठेवायचे तर आठ-दहा ठेवा, मग ते आपसातच खेळत बसतात. आणि लांब पंखवाल्याबरोबर तर नकोच.” मला हे फार खोल वाटलं. जो मासा दोघांत असला की तिसऱ्याला छळतो, तोच दहांत असला की आपल्याच कळपात मानपान ठरवण्यात गुंततो. टोचणं थांबत नाही, पण ते इतक्यांत वाटलं जातं की कुणा एकाच्या अंगावर त्याची जखम होत नाही. निऑन टेट्राचंही तसंच. पाच-सहांच्या खाली ठेवला की तो पानाआड बिचकत राहतो. कळप मिळाला की त्याच अंगावरची निळी रेघ पेटते. स्वभाव म्हणून आपण ज्याच्यावर बोट ठेवतो, त्यात सोबतीचा वाटा केवढा असतो.

एक मासा दुसऱ्याला खातो ते निराळं. त्यात राग नसतो. नेवाशाला प्रवरेच्या काठावर उभं राहिलं की हे कळतं. शके 1212 मध्ये याच नदीच्या काठी ज्ञानेश्वरांनी भूतमात्रांच्या मैत्रीचं मागणं मागितलं. अशा पाण्यात मरळही असतो. तोंडात मावेल ते गिळणारा मरळ; आणि पिल्लं झाली की त्यांच्या लालसर थव्याखाली दिवसचे दिवस पहारा देणाराही तोच. मोठा मासा लहानाला गिळतो याला आपल्याकडे कौटिल्याच्या काळापासून मत्स्यन्याय म्हणत आले आहेत, आणि घरच्या टाकीतही त्याला इलाज एकच: ज्याच्या तोंडात जो मावतो, त्या दोघांना एकत्र ठेवायचं नाही. तिथे समजूत, लळा, सवय काही चालत नाही. भूक ती भूक.

भांडण मात्र भुकेचं नसतं. ते बहुतेक बरोबरीच्याशी असतं, आपल्यासारख्याच दिसणाऱ्याशी, जो आपलंच अन्न, आपलीच कपार, आपलीच मादी मागणार आहे त्याच्याशी. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने आक्रमकतेवरचं आपलं 1963 सालचं पुस्तक सुरूच केलं ते प्रवाळाच्या समुद्रातल्या भडक रंगांच्या माशांपासून. परक्या जातीचा शेजारी त्यांना चालतो. स्वजातीचा मात्र दिसला की तुटून पडतात. पण समुद्रात हरलेला मासा पळतो. पळत पळत दुसऱ्याच्या वेशीबाहेर जातो आणि तिथे भांडण संपतं, कारण त्याच्या पलीकडे समुद्र आहे. ज्याला आपण फायटर म्हणतो, तो तर सयामच्या भातखाचरांतला, उथळ गढूळ पाण्यातला मासा. तिथेही नर नराशी झुंजतो, पण खाचराला गवत असतं, चिखल असतं, हरलेल्याला आड व्हायला शेकडो पाती असतात. काचेत दोघे सोडले की एक मरेपर्यंत चालतं. त्याचा राग काचेने वाढवलेला नाही. काचेने फक्त पळायची वाट काढून घेतली आहे.

टाकीसमोर बसून मला हे एकच पुन्हा पुन्हा दिसतं. नदीजवळ देण्यासारखं खूप असतं, त्यातलं एक हे की ती हरलेल्याला जाऊ देते. आपण पाणी देतो, दाणे देतो, हवेचे फुगे देतो, आणि दूर जाणं तेवढं देऊ शकत नाही. मग त्याचं देणं लागतो आपण. ते फेडायचं ते आडोशाने. दोन मासे एकमेकांना दिसत नाहीत तेवढ्या वेळापुरतं ते दूर असतात. चार बोटांची टाकीसुद्धा दगडाआड गेली की लांब होते. आमच्याकडचा काळा पाषाण यासाठी गुणाचा. पाण्याचा कस बदलत नाही, चुन्यासारखा विरघळत नाही. मी तो उभा-आडवा रचून मध्ये कपारी ठेवल्या, मागे वॅलिसनेरियाची लांब पाती लावली, ती पृष्ठभागापर्यंत जाऊन तिथून वाकली, आणि त्या हिरव्या पडद्यामागे उजेड इतका मऊ झाला की एखाद्याने तिथे दिवसभर रुसून बसावं.

नवीन मासा आणला की आधी दिवा मालवायचा, पिशवी पाण्यावर तरंगत ठेवायची, आणि ती तरंगतेय तोवर आतले दगड हलवायचे. जुन्या मालकांच्या वेशी पुसायच्या. मग अंधारात सगळेच वाट चाचपडतात, सगळेच त्या रात्रीपुरते पाहुणे होतात, आणि सकाळी नव्याने जागा ठरतात तेव्हा आलेल्यालाही त्यात वाटा मिळतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माशांची युक्ती म्हणून ऐकलं असतं. आता ते करताना माझा हात हलका होतो.

बार्ब दोघेही मामाकडे परत गेले. त्यांच्याकडे टाकी मोठी आहे, तिथे त्यांच्या जातीचा कळप आहे, आणि एंजल नाही. इकडे कोपऱ्यातला तो, पहिल्या दिवशी हलला नाही. दुसऱ्या दिवशी दाणे तळाशी उतरले तेव्हा एक त्याने टिपला. पुढे काही दिवसांनी दिवा त्याच्या मागे आला आणि मला ती कड दिसली: फाटलेल्या शेपटीला नवीन पंख फुटत होता, आणि तो रंगाचा नव्हता. पारदर्शक होता. जुन्या चंदेरीच्या पुढे काचेहून तलम अशी एक झालर, तिच्यात केसाएवढ्या शिरा, आणि तिच्यातून पलीकडचं हिरवं पातं जसंच्या तसं दिसत होतं. पंख आधी असा येतो, नितळ. रंग त्यात मागाहून भरतो. लेक म्हणाली, “आई, त्याला दुखत असेल का गं?” मला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघी काचेशी बसून राहिलो.

अशा वेळी मला आमचा भुईकोट किल्ला आठवतो. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण त्या भिंतीआड आणून ठेवले गेले. नेहरू, पटेल, आझाद, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आणि बाकीचे. बारा मोठी माणसं, बारा तऱ्हांची, आणि जायला कुठे जागा नाही. नेहरूंनी दगडगोट्यांची जमीन खणून फुलझाडं लावली. मौलाना आझाद पहाटे, सगळे निजलेले असताना उठायचे, स्वतःच्या हाताने चहा करायचे, आणि न धाडता येणारी पत्रं लिहायचे. तीच पुढे ‘गुबार-ए-खातिर’ झाली. त्यातली एक हकीकत त्यांच्या खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांची आहे. एप्रिल 1943 मध्ये त्यांची पत्नी कलकत्त्याला वारली, आणि त्यांना जाता आलं नाही. ती पहाट, तो चहाचा पेला, त्या चिमण्या: बंद भिंतींत माणसाने स्वतःसाठी केलेला आडोसा तो हाच असणार. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्याच किल्ल्यात लिहिलं आणि आपल्या सोबतच्या बंदिवानांना अर्पण केलं. त्या अर्पणपत्रिकेशी मी प्रत्येक वेळी थांबते. इतका काळ एका आवारात काढल्यावर सोबत्यांना पुस्तक अर्पण करावंसं वाटणं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

शेततळ्यावर गेलं की एकत्र राहण्याचं हेच शहाणपण उघड्यावर दिसतं. आमच्या जिल्ह्यात गावोगाव शेततळी झाली, आणि त्यांतल्या पुष्कळांत मासेही सोडतात: कटला, रोहू, मृगळ. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच पाण्यात तिघे, आणि घास कुणाचा कुणाच्या आड येत नाही. घरच्या टाकीतही वरचे, मधले, तळचे असे मासे निवडले की निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत. पाण्याला उंची असते हे आपल्या लक्षात राहत नाही, कारण आपण सगळे एकाच जमिनीवर चालतो.

एक गोष्ट मात्र मला रात्री अस्वस्थ करते. काच साफ करतो म्हणून लोक सकर मासा आणतात. हाताच्या अंगठ्याएवढा असतो तेव्हा. तो फूटभराच्या वर वाढतो, टाकीत मावेनासा होतो, आणि मग कुणीतरी त्याला दया म्हणून नदीत सोडतं. आज भीमेवरच्या उजनीच्या पाण्यात, जे आमच्या कर्जत तालुक्याला लागून पसरलं आहे, हे सकर फिरतात. अंगावरच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाडतात. काचेतून सुटका करायची म्हणून सोडलेला जीव, आणि त्याच्या येण्याने ज्यांच्या कपारी गेल्या त्या नदीच्या जुन्या रहिवाशांनी कुठे जायचं? सोडणाऱ्याला तर वाटत असेल, समोर अख्खी नदी आहे. मासा ज्याने घरी आणला, त्याला तो शेवटपर्यंत सांभाळता आला पाहिजे. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

आमच्याकडे सध्या गप्पींची पिल्लं झाली आहेत. एंजल आता तरतरीत आहे, आणि पिल्लं त्याच्या तोंडात मावतात. म्हणून ती बरणीत काढली. नगरचं जड, क्षारांचं पाणी गप्पींना मानवतं, त्यामुळे ती भराभर वाढताहेत. राहुरीला भावाच्या गोठ्याजवळचा सिमेंटचा हौद बंदिस्त आहे, त्यात डासांच्या अळ्या होतात. आरोग्य केंद्रातले लोक अशा हौदांसाठीच गप्पी देतात. तर रविवारी ही पिल्लं तिकडे जातील. नळाला पाणी दिवसाआड येतं, म्हणून कालच बादली भरून ठेवली आहे, टाकीतलं जुनं पाणी मोगऱ्याला घातलं आहे. डब्याच्या झाकणाला लेकीने भोकं पाडली आहेत, आणि राहुरीजवळ मुळेचा पूल लागला तरी तिथे डबा उघडायचा नाही, हे तिनेच मला दोनदा बजावलं आहे.