लाइन सोडू नको

"मुंबईच्या रस्त्यांवर ज्याने सायकल चालवली, त्याला आल्प्सच्या उतारांचं काय कौतुक!" आमच्यातल्या बँकवाल्या मित्राचं हे लाडकं वाक्य. जुलैत टूर द फ्रान्स सुरू झाली आणि यारी रोडवरच्या त्याच्या घरी आम्ही ताटं मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसलो की ते एकदा तरी येणारच. तिकडे फ्रान्समध्ये संध्याकाळचे पाच, आपल्याकडे साडेआठ. टप्प्याचा शेवटचा, रंगात आलेला तास नेमका आपल्या जेवणाच्या वेळेला पडतो, ही सोय मात्र उत्तम आहे.

आमची टोळी लहान आणि भांडखोर. सात बंगला भागातले काका, सत्तरी ओलांडलेले. एक इंजिनीअरिंगचा मुलगा, ज्याला प्रत्येक सायकलपटूचे वॅट तोंडपाठ. वर्सोवा कोळीवाड्यातला एक दादा. त्याची स्वतःची होडी आहे आणि रविवारी सकाळी तो आमच्याबरोबर सायकलवर असतो. बँकवाला, आणि मी. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून वाऱ्याचा आणि घर्षणाचा प्रश्न निघाला की सगळे माझ्याकडे बघतात आणि उत्तर दिल्यावर कोणीही ते मानत नाही.

काकांचं शिक्षण टीव्हीवर झालेलं नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला ते तरुणपणी खंडाळ्याला जायचे आणि बोरघाटाच्या कडेला तासन् तास उभे राहायचे. ही शर्यत 1945 पासूनची. घाट सगळ्यांत आधी चढून येईल तो 'घाटाचा राजा'. काकांच्या लेखी टूरमधल्या आघाडीवाल्याची पिवळी जर्सी वगैरे ठीक, खरा किताब हाच. पण डावपेच मला पहिल्यांदा कळले तेही त्यांच्याच तोंडून. एकदा मी विचारलं, घाटात सगळ्यांना मागे टाकणारा पुण्यातही पहिलाच येत असेल ना? काका हसले. "अगं, घाट संपल्यावर पुणं किती लांब राहतं! लोणावळ्यापुढे रस्ता सपाट होतो. हा एकटा वाऱ्याला छाती देऊन चाललाय आणि मागे आठ-दहा जण आळीपाळीने पुढे येऊन वारा वाटून घेतायत. कोण दमणार, सांग."

सगळी रोड रेसिंग या एका गोष्टीवर उभी आहे. पुढच्याच्या मागे चिकटून चालवलं की कष्ट भरपूर वाचतात. 2018 मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठातले बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 121 सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास केला होता. दाट घोळक्याच्या पोटात, मागच्या भागात असणाऱ्याला हवेचा अडथळा एकट्या सायकलपटूच्या फक्त 5 ते 10 टक्के लागतो, असं त्यातून निघालं. हे एकदा डोक्यात बसलं की टीव्हीवरचं चित्रच बदलतं. चार तास काहीच घडत नाही असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात प्रत्येक संघ एकच हिशेब करत असतो: वारा कोणाच्या अंगावर टाकायचा. जो जिंकतो त्याच्यासाठी सात जणांनी दिवसभर तो अंगावर घेतलेला असतो. त्यांची नावं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शोधून सापडत नाहीत.

आमचं सगळ्यांत मोठं भांडण 13 जुलै 2022 च्या टप्प्यावर झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. त्या दिवशी पिवळी जर्सी ताडेय पोगाचारच्या अंगावर होती. आधीच्या दोन्ही टूर त्याने जिंकलेल्या. गालिबिएच्या घाटात युम्बो-विस्मा संघाच्या दोघांनी, प्रिमोझ रोग्लिच आणि योनास विंगेगार्डने, त्याच्यावर आळीपाळीने हल्ले चढवले. एक सुटला की पोगाचार त्याच्यामागे. त्याला गाठतो न गाठतो तोच दुसरा सुटायचा. पोगाचार प्रत्येकाला उत्तर देत राहिला, वर कॅमेऱ्याकडे बघून हसतही होता. शेवटच्या ग्रानोंच्या चढावर मात्र त्याच्या पायातलं बळच संपलं. विंगेगार्डने त्याला त्या एका टप्प्यात 2 मिनिटं 51 सेकंदांनी मागे टाकलं. अकरा दिवसांनी पॅरिसमध्ये दोघांमधलं अंतिम अंतर 2 मिनिटं 43 सेकंद होतं. म्हणजे टूर तिथेच ठरली.

इंजिनीअर म्हणतो, पोगाचार मूर्खपणा करून बसला. रोग्लिचला जाऊ द्यायचं, तो एकूण वेळेच्या क्रमवारीत आधीच मागे होता. काका म्हणतात, "जाऊ द्यायचं म्हणणं सोपं आहे रे. पिवळी जर्सी घातलेला माणूस कोणाला जाऊ देत नसतो." दादाचं मत वेगळं. त्याने पोगाचारकडे बघितलंच नाही. त्याने रोग्लिचकडे बघितलं: स्वतः मोठा सरदार, तोवर तीन वेळा स्पेनची शर्यत जिंकलेला, आणि त्या दिवशी दुसऱ्यासाठी आमिष झाला. "मासा गळाला लागतो तेव्हा आमिषाचं काय होतं ते कोणी विचारत नाही," तो म्हणाला. माझं मत दादाच्या बाजूचं आहे. पोगाचारची चूक झाली असेलही, पण त्या दिवशीचा डाव रोग्लिचच्या पायांवर खेळला गेला आणि तो काही दिवसांनी जखमांमुळे शर्यत सोडून गेला, हे विसरून चालत नाही.

डावपेचांवर भांडणं होतात, पण हात उगारण्याची वेळ येते ती उताराच्या विषयावर. इथे बँकवाल्याचं ते वाक्य येतं. त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. अंधेरीतल्या जेपी रोडवरून सकाळी आठला सायकल काढून बघा. डावीकडून रिक्षा घुसते, पेव्हर ब्लॉक उचकटलेले, गटाराचं झाकण रस्त्यापेक्षा दोन इंच खाली, आणि बस थांब्यावरून कोणीतरी फोनवर बोलत थेट चाकापुढे. यातून रोज सुखरूप घरी येणाऱ्याला सायकल चालवता येत नाही असं कसं म्हणायचं? मग तो उदाहरणं देतो. 2022 च्याच टूरमध्ये टॉम पिडकॉक गालिबिएच्या उतारावर सुटला तो जणू रस्ता त्याच्या एकट्यासाठी बांधला होता, आणि त्या दिवशी आल्प द्युएझ त्याने जिंकलं. पिडकॉक मुळात माउंटन बायकिंगचा ऑलिंपिक विजेता, दगडगोट्यांत शिकलेला. "बघा, म्हणजे खराब रस्ताच शिकवतो!"

इंजिनीअर त्याला होसेबा बेलोकीचा किस्सा ऐकवतो. 14 जुलै 2003, टूरमधला गॅप शहराकडे जाणारा उतार, उन्हाने वितळलेलं डांबर. बेलोकीचं मागचं चाक घसरलं, मग पकडलं, आणि तो असा आपटला की मांडीचं हाड, कोपर आणि मनगट मोडलं. त्याच्या पाठोपाठ असलेला लान्स आर्मस्ट्राँग रस्ता सोडून शेतात घुसला, उतारावरचं शेत आडवं ओलांडून पुढच्या वळणावर पुन्हा रस्त्याला लागला. आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं पुढे 2012 मध्ये उत्तेजकांपायी काढून घेतली गेली, त्यामुळे त्याचं कौतुक करताना आमच्याकडे जीभ अडखळते. पण ते शेत ओलांडणं खोटं नव्हतं.

बँकवाला म्हणतो, ते शेत म्हणजेच अंधेरी. मला हे कधी पटलं नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नव्हतं. ते मढच्या रस्त्यावर सांगता आलं.

वर्सोव्याच्या सायकलवाल्यांचा रविवार जेटीवर सुरू होतो. फेरीत सायकली चढवायच्या, पाच-सात मिनिटांत खाडी ओलांडायची आणि पलीकडे मढला उतरायचं. पूल होणार असं ऐकतो. झाला की हा आनंद जाईल आणि वेळ वाचेल. जेटीच्या उतारावर मासळीच्या टोपल्यांचं पाणी सांडलेलं असतं, तिथे शहाणे लोक सायकल हातात धरून चालतात. मढ कोळीवाड्यातून बाहेर पडलं की एरंगळ, आक्सा, मग मार्वे. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झाडं, आणि पहाटे गाड्या कमी. रांगेत चालवायला याच्याइतका चांगला रस्ता पश्चिम उपनगरात उरलेला नाही.

त्या रविवारी आम्ही एकामागे एक रांगेत होतो. पुढे बँकवाला, त्याच्या मागे इंजिनीअर, मग दादा, मग मी. वेग बरा होता. एरंगळच्या पुढे रस्त्यात एक खड्डा आला. बँकवाल्याने तो चुकवला, आणि चुकवला अगदी सुंदर: कंबरेतून एक हिसका, चाक खड्ड्याच्या काठाला घासून गेलं, वेग तसाच. जेपी रोडवर ही करामत बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण इंजिनीअरचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला थोडं बाजूने झाकून होतं. बँकवाल्याचं मागचं चाक हिसक्याने सरकलं आणि याच्या चाकाला लागलं. ज्याच्या मागच्या चाकाला धक्का लागतो तो बहुधा वाचतो. ज्याच्या पुढच्या चाकाला लागतो तो पडतो. इंजिनीअर पडला. कोपर आणि गुडघा खरवडला, शिफ्टर वाकला. नशीब, मागून गाडी नव्हती. दादा त्याला वळसा घालून गेला, मी ब्रेक मारून थांबले.

परत वर्सोव्याच्या जेटीवर उतरल्यावर भांडण झालं नाही, बोलणं झालं. बँकवाला खरंच हबकला होता. "मी खड्ड्यात घालायला हवी होती का?" त्याने विचारलं. काका त्या दिवशी सायकलवर नव्हते, पण जेटीवर चहा घ्यायला आले होते. ते म्हणाले, "हो. सरळ घालायची, नाहीतर आधी ओरडायचं. घोळक्यात जो वळवळायचा त्याच्या जवळ कोणी जायचंच नाही."

मग मला माझा मुद्दा सापडला. आपण शहरात शिकतो ती चुकवण्याची विद्या. तिथे सायकलवाला एकटा असतो, सभोवतालचं सगळं त्याच्या विरुद्ध, आणि क्षणात दिशा बदलणं हाच त्याचा बचाव. घोळक्यात याच्या उलट. तिथे मागच्याने तुमच्यावर विश्वास टाकून स्वतःची नजर पुढे लावलेली असते. अंधेरी स्टेशनच्या पुलावर सकाळी खांद्याला खांदा लावून हजारो लोक चालतात आणि कोणी पडत नाही; बुटाची नाडी बांधायला एक जण मध्येच वाकला की दहा जण अडखळतात. घोळक्यात तो नाडी बांधणारा होऊ नये, एवढंच कसब आहे आणि ते अवघड आहे. खड्ड्याकडे न बघता वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेकडे बघणं, ब्रेक वळणात शिरण्याआधी संपवणं, पुढच्याच्या चाकाला आपलं चाक बाजूने न भिडवणं, हात दाखवून, ओरडून सांगणं. पिडकॉकचा उतार डोळे दिपवतो, कारण तो एकटा होता. शंभर जणांच्या मधोमध पन्नासच्या वेगाने काहीही न घडवता चार तास बसून राहणाऱ्याला कोणी दिपून बघत नाही. हे मी जेटीवर बोलले तेव्हा इंजिनीअर कोपरावर पाणी ओतत होता. तो म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी पडण्याआधी सांगा."

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. 19 ते 23 तारीख, एक प्रोलोग आणि चार टप्पे, एकूण 437 किलोमीटर, आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या 2.2 दर्जाची. त्यासाठी पुणे जिल्ह्यातले रस्ते असे गुळगुळीत केले गेले की पुणेकर म्हणू लागले, दर महिन्याला शर्यत ठेवा. आणि त्याच गुळगुळीत रस्त्यांवर, पहिल्याच टप्प्यात, घोळका एकत्र कोसळला. एकावर एक, पाहता पाहता रस्ताभर सायकली. तो व्हिडिओ आमच्या फोनवर बघून बँकवाला काही बोलला नाही. खड्डा नव्हताच, त्यामुळे त्याचा सिद्धांत कुठे लावायचा असा प्रश्न होता. शर्यत न्यूझीलंडच्या ल्यूक मडग्वेने जिंकली.

शेवटच्या दिवशी आम्ही पुण्याला गेलो. टप्पा जंगली महाराज रस्त्यावर संपणार होता आणि साहजिकच सगळी गर्दी तिथेच होती. काकांनी आम्हाला तिथे जाऊ दिलं नाही. शहरातल्याच एका वळणावर नेऊन उभं केलं. आधी मोटरसायकली गेल्या, मग तो आवाज आला: साखळ्यांचा, फ्रीव्हीलचा आणि हवा फाडत येणाऱ्या शंभरेक अंगांचा. घोळका वळणात एकत्र आत वाकला आणि एकत्र सरळ झाला. कोणी इकडे नाही, कोणी तिकडे नाही. किती सेकंद? मोजण्याइतकेही नसतील. बँकवाला पहिल्यांदाच पिडकॉकचं नाव न घेता म्हणाला, "मधला तो निळा, त्याला दोन्हीकडून चेपत होते, तरी हलला नाही."

तुम्ही अशी शर्यत बघायला गेलात तर काकांचं ऐका. अंतिम रेषेपाशी जाऊ नका, तिथे फक्त पाठी दिसतात. शेवटच्या काही किलोमीटरमधलं एखादं अवघड वळण शोधा आणि तिथे आतल्या बाजूला उभे राहा. जे पडतात ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात. आणि पहिल्याकडे बघू नका. विसाव्या-पंचविसाव्या जागेवर कोण आहे ते बघा.