स्कूटरचे नाक आणि नाना पेठ

सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या माणसाला गावातल्या गावात परगावी जाऊन यायचे असेल, तर त्याने नाना पेठेत जावे. अंतर म्हणाल तर दोन-अडीच किलोमीटर. पण आमच्याकडे दुपारी जेवण होऊन खिडक्या लोटल्या जातात, तेव्हा तिकडे हातोडे पडत असतात. नाना फडणविसांच्या नावाची ही पेठ. आषाढी वारीला निघालेली तुकोबांची पालखी इथल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते, म्हणून वारकऱ्यांना ती ठाऊक. एरवी वर्षभर तिची वारी करतो तो पुण्याचा दुचाकीवाला. मडगार्ड, सायलेन्सर, आरसे, सीटची कव्हरे अशी दुकानांच्या दारांवर तोरणे लटकलेली, आणि सगळीकडे रबराचा आणि पेट्रोलचा वास. जुन्या गाडीचा कुठलाही भाग सांगा, कोणीतरी फळकुटावर चढून धूळ झटकून तो खाली काढतो.

या पेठेत मी गेलो तो आमच्या चेतकचे नाक खाली गेले म्हणून.

ही स्कूटर वडिलांची. चेतक 1972 साली निघाली आणि पुढे तिच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, हे तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी घडले असेल. आमच्या घरी ती 1983 साली आली. नऊ वर्षे वाट पाहून. वडिलांनी त्याच दिवशी एक वही घातली. तेल कधी बदलले, टायर कधी घेतला, सगळे त्यात तारीखवार. वडील गेले, आकुर्डीला होणारी ती चेतकही बंद झाली. 2020 पासून त्याच नावाची, विजेवर चालणारी नवी गाडी रस्त्यावर आली. आमची जुनी मात्र अजून रोज चालते.

गेल्या दिवाळीत आमच्या सौभाग्यवतींनी फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. पहिल्याच वर्षी साठ डबे! तिने आपल्या भिशीचे पैसे त्यात घातले होते, आणि डबे पोचवण्याचे काम माझे. मी डोके चालवले. चकलीचे डबे मागे बांधले तर दिसत नाहीत, पायाशी ठेवले तर पाय कुठे ठेवू? म्हणून स्कूटरच्या पुढच्या पत्र्याला लोखंडी कॅरिअर करून घेतला. चांगला ऐसपैस, पुढे फूटभर निघालेला. आई दारातून बघत होती. ती सासवडकडची, बैलगाडीतली. म्हणाली, "अरे, सगळं ओझं बैलांच्या मानेवर घातलंस की!" गाडीत मागे भार झाला तर ती उलाळ होते, जू वर उचलले जाते, पुढे झाला तर बैलांची मान मोडते. गाडीवान गोणी पुढेमागे सरकवत बसतो तो याचसाठी. मी हसून म्हटले, "आई, हिला बैल नाहीत." आता आठवले की लाज वाटते.

दोन दिवसांत हँडल हलके, चंचल वाटू लागले. रात्री दिव्याचा उजेड चाकापुढे चार हातांवरच पडायचा. मी सावकाश चालवू लागलो, इतकेच. तिसऱ्या दिवशी झेड ब्रिज उतरून पुढे आलो, गतिरोधकावर पुढचे चाक ठक्कन वर जाऊन आपटले, हँडल वळले आणि मी डब्यांसकट आडवा. गुडघा फुटला त्याचे काही नाही. सहा डबे चकली रस्त्यावर, आणि मागून येणारा पोरगा जेमतेम ब्रेक दाबून थांबला. सौभाग्यवती एक शब्द बोलली नाही. रात्री बारापर्यंत पुन्हा सोऱ्या फिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी नाना पेठ. मिस्त्री साठीचे, हात काळे आणि बोलणे मोजके. मी ऐटीत सांगितले, "पुढची स्प्रिंग बसली आहे. सगळ्यात कडक असेल ती घाला."

"साहेब, आधी बघू तर द्या."

त्यांनी एक पोलादी पट्टी काढली. हाताखालच्या पोराकडून हँडल उचलून धरवले, चाक अधांतरी लोंबकळले तेव्हा माप घेतले. मग गाडी खाली सोडली : नाक दोन सेंटिमीटर बसले. मला वर बसवले : साडेतीन. मग कॅरिअरमध्ये वीस किलोचे लोखंड ठेवले : साडेपाच. "एकूण जागा सातची," ते म्हणाले. "दीड राहिली. खड्ड्याला काय देणार?"

वेस्पाच्या घराण्यातल्या या स्कूटरचे पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले असते. मूळ वेस्पा 1946 साली इटलीत काढणारे कोरादिनो दास्कानिओ हे विमानांचे अभियंते, आणि ही तऱ्हा विमानाच्या चाकावरून आलेली. त्या चाकापाशी असते ती एकच स्प्रिंग. नियम साधा : भार दुप्पट, तर दबणेही दुप्पट. पण भार कुठे ठेवला यावरही सगळे अवलंबून. दोन्ही चाकांत अंतर साधारण सव्वा मीटर. माझे वीस किलो पुढच्या आसाच्याही एक फूट पुढे टांगलेले. तरफेच्या हिशेबाने पुढच्या चाकावर पडले जवळजवळ पंचवीस किलो, आणि मागच्या चाकावरचे पाच किलो उचलले गेले. नाक खाली गेले की हँडलचा दांडा उभा होतो, म्हणून ते चंचल. दिवा जमिनीकडे बघतो तेही त्यामुळेच.

"मग कडक स्प्रिंग नको?"

"घालतो की. पण दिवाळी झाल्यावर कॅरिअर रिकामा असेल तेव्हा मनगटं कोणाची जाणार? पॅकिंग टाकून नाक वर आणतो म्हणाल, तर रिकाम्या गाडीचं चाक खड्ड्यात खाली जाणारच नाही, गाडी टणाटण उडेल."

मला एकदम कॅनडातला भाचा आठवला. त्याच्या अंगणाबाहेर हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. तो काढायला त्याने चार जाड टायरांची एक छोटी गाडी घेतली आणि तिच्या पुढे लोखंडी फाळ लावला. फाळ जमिनीवर टेकलेला असतो तोवर ठीक. उचलला की सगळे वजन पुढच्या स्प्रिंगांवर, आणि गाडी नमस्कार घालते. त्याने स्प्रिंगा घट्ट आवळल्या. वसंत ऋतूत फाळ काढला तेव्हा गाडीचे पुढचे अंग घोड्यासारखे उसळू लागले. शेवटी त्याने स्प्रिंगा पूर्ववत केल्या आणि हिवाळ्यापुरती मागच्या कॅरिअरवर वाळूची पोती बांधली. फोनवर हे ऐकून मी त्याला मोठेपणाने म्हटले होते, "तुमच्याकडे बुवा काहीतरी विचित्रच!"

मिस्त्रींनी जुनी स्प्रिंग काढून नवीच्या शेजारी उभी केली. अर्धा बोट आखूड. "ही म्हातारी झाली, हे खरं. हिच्या जागी कंपनीच्या मापाचीच घालू. आणि हा कॅरिअर काढू. गॅसची टाकी कुठे ठेवता?"

"पायाशी."

"ती तीस किलोची. नाक खाली जातं?"

जात नाही. म्हणजे जाते, पण जाणवत नाही. कारण पायाशी ठेवलेले ओझे दोन्ही चाकांच्या मध्ये असते. तेच वीस किलो तिथे ठेवले तर पुढच्या चाकावर बारा येतात, बाकीचे मागचे चाक घेते. हे गणित वर्षानुवर्षे माझ्या दोन पायांमध्ये होते. मिस्त्रींनी पुन्हा पट्टी लावून दाखवली, नव्या स्प्रिंगवर, डबे पायाशी ठेवून : चारच्या आत.

मी एका खेपेत बारा डबे न्यायचे सोडून आठ नेऊ लागलो. खेपा वाढल्या, पेट्रोल वाढले, पण साठही डबे नरकचतुर्दशीच्या आत पोचले. सौभाग्यवतीच्या भिशीचे पैसे परत आले आणि वर थोडे उरले. किती, ते ती मला सांगत नाही.

घरी आल्यावर वडिलांची वही काढली. स्प्रिंग बदलल्याची नोंद करायची होती. मागची पाने चाळताना 1986 सालची एक ओळ सापडली, त्यांच्या त्या बारीक तिरप्या अक्षरात : "पुढे लावलेली पिशवीची कडी काढून टाकली. नाक दबते." मी ती आईला वाचून दाखवली.

"मग?" आई म्हणाली. "ती काढायला मीच सांगितलं होतं."

कॅरिअर आता गच्चीत आहे. त्यात झेंडूच्या चार कुंड्या बसल्या.